केडगावच्या रमाबाई

भाताची झोडणी उरकली, पेंढा रचून झाला, की मावळातल्या शेतकऱ्याला थोडी उसंत मिळते. नेमका त्याच दिवसांत नाताळ येतो. रेल्वेच्या निमित्ताने लोणावळा-खंडाळ्याकडे पूर्वीपासून काही ख्रिस्ती कुटुंबे वसली आहेत. त्यांच्या दारांवर कागदी चांदण्या टांगलेल्या दिसू लागल्या, की मला दर वर्षी एका वृद्ध ख्रिस्ती बाईंची आठवण होते. मी त्यांना पाहिलेले नाही. माझ्या जन्माच्या कितीतरी आधी, १९२२ साली, त्या गेल्या. पण आमच्या घरात त्यांचे नाव घरच्याच माणसासारखे निघत असे. वाचकहो, आज त्यांच्याविषयी तुमच्याशी चार गोष्टी बोलाव्यात असे मनात आहे.

माझे मूळ गाव पुणे जिल्ह्याच्या पूर्व भागातले, दौंड तालुक्यातले. नोकरीची बरीच वर्षे मात्र पश्चिमेला मावळात गेली. जिल्हा एकच, पण पावसाच्या हिशेबाने हे दोन वेगळे मुलूख म्हणायला हवेत. लोणावळ्यात वर्षाला ४,००० मिलिमीटरच्या वर पाऊस कोसळतो. दौंडकडे ५०० मिलिमीटर पडला तरी माणसे म्हणतात, यंदा बरे झाले. इकडे गुडघाभर चिखलात भात लावायचे, तिकडे आभाळाकडे डोळे लावून ज्वारी पेरायची. लहानपणी आजीबरोबर बैलगाडीतून केडगावच्या बाजाराला जायचो, तेव्हा वाटेत झाडीत दडलेल्या इमारती दिसत. आजी पदर सारखा करी आणि म्हणे, ‘हे रमाबाईचं मिशन. दुस्काळात पोरी जगवल्या त्या बाईनं.’

माझी आजी माळकरी होती. तुकोबांची पालखी यवत-वरवंडवरून पुढे जाई, तेव्हा भाकरीची चवड घेऊन ती रस्त्यावर उभी असे. पंडिता रमाबाईंनी धर्म बदलला होता, हे तिला माहीत होते. पण १९७२च्या दुष्काळात तिने स्वतः खडी फोडली होती, सुकडी खाऊन दिवस काढले होते. दुष्काळात पोरी जगवणाऱ्या बाईचा धर्म विचारावा असे तिला कधी वाटले नसावे. आम्ही शिकलेली माणसे मात्र तेवढेच आधी विचारतो.

दोन वर्षांपूर्वी आंदर मावळातल्या एका गावात आम्ही चारसूत्री भातलावणीचे प्रात्यक्षिक घेतले. इंद्रायणीची रोपे होती. वडगाव मावळच्या संशोधन केंद्राने १९८७ साली दिलेला हा वाण तुम्हां सर्वांच्या चुलीपर्यंत पोचलेला आहे, त्याचे कौतुक मी वेगळे करत नाही. दोरी धरून २५ आणि १५ सेंटिमीटरवर चुडे लावायचे, चार चुडांच्या मध्ये युरिया-डीएपीची गोळी खोचायची, असे काम. गटातली एक विधवा बाई दोरीला सर्वांत नेटकी होती. दिवसभर तिचा हात चुकला नाही. संध्याकाळी मी लाभार्थ्यांची यादी करायला बसलो आणि सवयीने सातबारा मागितला. सातबारावर थोरल्या दिराचे नाव, पुढे ‘ए. कु. मॅ.’ म्हणजे एकत्र कुटुंबाचा मॅनेजर. मी दिराचे नाव यादीत घातले. तेव्हा ती बाई हळूच म्हणाली, ‘सायेब, दोरी मी धरली. मग माझं नाव कुटं लागतं?’

माझ्याजवळ उत्तर नव्हते. घरी आल्यावर मी कपाटातले रमाबाईंचे चरित्र पुन्हा काढले.

रमाबाईंचा जन्म २३ एप्रिल १८५८ रोजी, कर्नाटकातल्या गंगामूळच्या रानात झाला. वडील अनंतशास्त्री डोंगरे मोठे संस्कृत पंडित. त्यांनी आपल्या बायकोला, लक्ष्मीबाईंना, संस्कृत शिकवले. त्या काळी हे पाप समजले गेले, आणि लोकांचा जाच नको म्हणून त्यांनी रानात घर केले. रमाबाईंना संस्कृत शिकवले ते आईने. घरचा जमीनजुमला कधीच हातचा गेला होता. मग हे कुटुंब तीर्थामागून तीर्थ करत, पुराणे सांगत, मिळेल त्या दक्षिणेवर फिरू लागले.

आणि दक्षिणेत दुष्काळ पडला. साल १८७४. रमाबाईंचे वय सोळा. लोकांनाच खायला नाही, तिथे पुराण ऐकून दक्षिणा कोण देणार? होते-नव्हते ते किडूकमिडूक विकले. रानातला पाला आणि पाणी, एवढ्यावर दिवस काढले. आधी वडील गेले, थोड्याच आठवड्यांत आई गेली, मागोमाग थोरली बहीण. आईला खांदा द्यायला पुरेशी माणसे मिळेनात, म्हणून रमाबाई स्वतः पुढे झाल्या. उंची कमी, म्हणून तिरडीचा भार डोक्यावर घेऊन चालाव्या लागल्या.

माझ्या मते त्यांच्या पुढच्या साऱ्या आयुष्याचे मूळ इथे आहे. त्यांनी स्वतःच मागाहून लिहून ठेवले आहे की आम्हांला हाताचे कसलेही काम येत नव्हते. शास्त्रे तोंडपाठ, पण मोलमजुरी करणे ठाऊक नाही, आणि करायची म्हटले तरी कुळाचा अभिमान आड येई. भीक मागायची लाज, काम करायचीही लाज. या दोन लाजांच्या मध्ये घरातली तीन माणसे गेली. किती जण आपल्या घरची अशी गोष्ट इतक्या सरळपणे लिहितील?

उरले श्रीनिवास नावाचा भाऊ आणि रमाबाई. हे दोघे पायी देशभर फिरले, सुमारे ४,००० मैल. पंजाबात झेलम नदीच्या काठी थंडीने जीव जायची वेळ आली, तेव्हा वाळूत खड्डे करून, कोरडी वाळू अंगावर ओढून त्यांनी रात्र काढली. पांघरायला दुसरे काही नव्हतेच. १८७८ साली ती कलकत्त्याला पोचली. तिथल्या विद्वानांनी या वीस वर्षांच्या मुलीची परीक्षा घेतली आणि तिला ‘पंडिता’ आणि ‘सरस्वती’ म्हटले. १८८० साली भाऊ वारला. त्याच वर्षी त्यांनी बिपिन बिहारी मेधवी या बंगाली वकिलाशी लग्न केले. जातीबाहेरचे लग्न, तेही नोंदणी पद्धतीने. १८८१च्या एप्रिलमध्ये मनोरमा झाली. पुढच्या फेब्रुवारीत पटकीने नवरा गेला. वय वर्षे तेवीस, कडेवर दहा महिन्यांची मुलगी, आणि माहेर-सासर नावाला नाही.

इथून पुढची काही वर्षे मी भरभर सांगतो, कारण ती पुस्तकांतून सर्वत्र वाचायला मिळतात. १८८२ साली त्या पुण्यास आल्या. आर्य महिला समाज काढला, ‘स्त्रीधर्मनीति’ हे पुस्तक लिहिले, शिक्षण आयोगापुढे साक्ष देऊन बायकांसाठी बाई डॉक्टर आणि बाई शिक्षक हवेत असे सांगितले. १८८३ साली इंग्लंडला गेल्या, आणि त्याच वर्षी २९ सप्टेंबरला वाँटेज इथे मुलीसह बाप्तिस्मा घेतला. वैद्यकी शिकायचे मनात होते, पण ऐकू कमी येऊ लागले होते, त्यामुळे ते राहिले. १८८६ साली त्या अमेरिकेला गेल्या. आपल्या आनंदीबाई जोशी फिलाडेल्फियात डॉक्टर झाल्या, त्या समारंभाला रमाबाई हजर होत्या. तिथे व्याख्याने दिली, हिंदू विधवांच्या स्थितीवर इंग्रजीत पुस्तक लिहिले आणि पैसा उभा केला. ११ मार्च १८८९ रोजी मुंबईत विधवांसाठी ‘शारदा सदन’ उघडले. दीड-पावणेदोन वर्षांनी ते पुण्याला आणले. शारदा सदनच्या अगदी पहिल्या विद्यार्थिनींत गोदूबाई होत्या. १८९३ साली धोंडो केशव कर्व्यांनी ज्या विधवेशी पुनर्विवाह केला, त्या याच. त्याच आपल्या आनंदीबाई कर्वे, म्हणजे बाया कर्वे.

धर्म बदलला म्हणून त्यांनी आपली चाल सोडली, असे मात्र नाही. विलायतेतही त्या शाकाहारीच राहिल्या, साडीच नेसत राहिल्या. धर्मगुरू आणि सिस्टर सांगतील ते मुकाट ऐकणेही त्यांना जमले नाही. त्यांच्याशी झालेले वाद पत्रांतून छापलेले आहेत. इकडे पुण्यात वेगळेच वादळ उठले. शारदा सदनात कोणाला ख्रिस्ती करणार नाही, असे ठरलेले होते. पण रमाबाई स्वतः प्रार्थना करीत, त्यांच्या खोलीचे दार उघडे असे, आणि काही मुली तिथे जाऊन बसत. ‘केसरी’ने टीकेची झोड उठवली. १८९३ साली रानडे आणि भांडारकर सल्लागार मंडळातून बाहेर पडले आणि बऱ्याच पालकांनी मुली काढून नेल्या. या वादात दोन्ही बाजूंना बोलायला जागा आहे असे मला वाटते. ज्यांनी विश्वासाने मुलगी पाठवली, त्यांची काळजी खोटी नव्हती. पण त्यांतल्या कित्येक मुलींना घरी नेऊन पुन्हा काय मिळणार होते, तेही आपल्याला ठाऊक आहे.

आता येतो शेतीचा भाग, ज्यासाठी मी लिहायला बसलो.

अमेरिकेच्या मंडळाने दहा वर्षे मदत देण्याचे ठरवले होते. दहा वर्षे संपल्यावर काय, हा प्रश्न रमाबाईंनी वेळ येण्याआधीच विचारला. शेतकऱ्याच्या घरात जो विचार होतो, तोच त्यांनी केला, की जमीन पाहिजे. १८९५च्या सुमारास पुण्याच्या पूर्वेला, केडगाव स्टेशनाजवळ, त्यांनी सुमारे १०० एकर जमीन घेतली. विहिरी खणल्या आणि संत्री, लिंबू, आंब्याची झाडे लावली. फळबागेच्या उत्पन्नावर संस्था चालावी असा बेत. आमच्या भागातला तो माळ मी जाणतो. वर हलकी जमीन, खाली मुरूम, त्याखाली काळा पाषाण. अशा जागी बागायतीचे स्वप्न बघायला छातीच लागते. फळबाग म्हणजे चार-पाच वर्षे घालायचेच, काढायचे काही नाही. आणि हिला तर पहिली फळे हाती येईपर्यंतही सवड मिळाली नाही.

१८९६ साली मध्य प्रांतात दुष्काळ पडला. बातमी ऐकून रमाबाईंना घरी बसवेना. सोळाव्या वर्षी जे भोगले ते पुन्हा डोळ्यांपुढे आले, असे त्यांनी लिहिले आहे. त्या दुष्काळी कामांवर गेल्या, गरीबखाने पाहिले. तिथे निराधार पोरींना भाकरीच्या तुकड्याचे आमिष दाखवून पळवून नेणारी माणसे टपलेली होती. रमाबाईंनी मुली गोळा करून आणायला सुरुवात केली. सुमारे ३०० जणी आणल्या. पण १८९७ साली पुण्यात प्लेग होता, आणि इतक्या मुली शहरात ठेवायला सरकारने मनाई केली. मग त्यांना केडगावच्या मळ्यावर नेले. बागेसाठी घेतलेल्या जमिनीवर अशी माणसांची वस्ती झाली. त्या वस्तीचे नाव ‘मुक्ती’.

त्याच प्लेगच्या वर्षी, पुण्याच्या प्लेग इस्पितळात बायकांना कशी वागणूक मिळते याविषयी त्यांनी वर्तमानपत्रात सरकारविरुद्ध पत्र लिहिले. ते इंग्लंडच्या पार्लमेंटापर्यंत गाजले. ख्रिस्ती झाली म्हणजे साहेबाची बाजू घेणार, असे समजणाऱ्यांनी एवढे लक्षात ठेवावे.

दोन-तीन वर्षांत दुसरा दुष्काळ आला, विक्रम संवतातल्या सालावरून ज्याला ‘छप्पन्नचा काळ’ म्हणतात तो, १८९९-१९००चा. या वेळी गुजरात होरपळला. तिकडून मुली आणायच्या तर रेल्वेने मुंबई गाठायची आणि तिथून भोर घाट चढून लोणावळा, तळेगाव, पुणे करत केडगाव. वाचकहो, तुम्ही लोणावळ्याच्या फलाटावर उभे असाल, तर क्षणभर ती गाडी मनात आणून बघा. हाडांचे सापळे झालेल्या पोरी, कोणाला आपले गाव सांगता येते, कोणाला नाव तेवढे आठवते. घाटावरच्या थंड वाऱ्यात कुडकुडत, काही भाषा न समजणाऱ्या मुलखात चाललेल्या. त्या गाड्यांकडे त्या वेळच्या आमच्या मावळ्यांनी मान वर करून पाहिले असेल का, कोण जाणे.

१९०० साली मुक्तीतली संख्या २,०००च्या जवळ पोचली.

मी कृषी खात्याचा माणूस, हिशेब केल्याशिवाय मला चैन पडत नाही. माणशी रोज अर्धा किलो धान्य धरले, तर २,००० माणसांना रोज १० क्विंटल, वर्षाला ३,६५० क्विंटल. कोरडवाहू ज्वारी त्या माळावर एकरी तीन-चार क्विंटल झाली म्हणजे खूप. सारी १०० एकर पेरली असती, तरी एक दशांशापलीकडे भागले नसते. तेव्हा रमाबाईंनी नुसत्या शेतीवर २,००० पोटे भरली, असे कोणी सांगितले तर विश्वास ठेवू नका. देशोदेशीच्या देणग्यांवर ती भरली. त्या स्वतःही हे कधी लपवत नसत. शेतीने ताजा भाजीपाला दिला, दूध दिले, थोडे धान्य दिले. शिवाय या मुलींच्या हाताला काम दिले.

पाण्याचा हिशेब याहून अवघड. माणशी २० लिटर म्हटले तरी ४०,००० लिटर, म्हणजे रोज अडीच हजारांवर घागरी. त्या अवर्षणाच्या वर्षी संध्याकाळी विहिरीत तळाला गढूळ पाणी उरे आणि सकाळी पुन्हा वापरापुरते भरलेले असे, हे रमाबाईंनी लिहिले आहे. त्याचे सारे श्रेय त्यांनी देवाला दिले. मी म्हणेन, मुरमातून रात्रभर झिरपा येतो, आणि उपसा थांबला की विहीर हळूहळू भरते. पण एक खरे, की विहीर खणायची तजवीज त्यांनी दुष्काळाआधी केली होती. १९७२ साली आमच्या गावात विहिरी खणायची आठवण झाली ती पाणी आटल्यावर.

मुक्तीत प्रत्येक मुलीला लिहिणे-वाचणे आणि हाताचे एक तरी काम, असा नियम होता. कोणी मागावर बसली, कोणी शिवणावर, कोणी गुरांकडे, कोणी मळ्यात, कोणी तेलाच्या घाण्यावर, कोणी छापखान्यात खिळे जुळवायला. आंधळ्या मुलींसाठी वेगळे सदन होते. त्या बोटांनी ब्रेल वाचत आणि विणकाम करत. म्हाताऱ्यांना वेगळे सदन. फसवल्या गेलेल्या, गावाने वाळीत टाकलेल्या मुलींसाठी ‘कृपा सदन’. १८७४ साली जे हात रिकामे होते म्हणून घर बुडाले, त्या हातांची ही भरपाई त्या करत होत्या. जातीच्या ब्राह्मण मुलीही तिथे शेण काढत, दळण दळत, आणि स्वतः रमाबाई पांढऱ्या सुती साडीत, दागिन्याविना, त्यांच्यात वावरत.

त्यांतल्या बहुतेक मुली पुढे ख्रिस्ती झाल्या. हे पुष्कळांना खटकले, आजही खटकते. खटकणाऱ्यांना मी वाईट म्हणत नाही. फक्त माझ्या आजीने एकदा गाडीतल्या गाडीत एका पाहुण्याला विचारले होते ते आठवते, ‘आपन गेलो व्हतो का त्या पोरी आनायला?’ पाहुण्यांनी तंबाखू मळायला घेतली.

उतारवयातले त्यांचे मोठे काम म्हणजे बायबलाचे मराठी भाषांतर. त्यासाठी त्या हिब्रू आणि ग्रीक शिकल्या, आणि मूळ भाषांतून सरळ मराठीत आणायला बसल्या. हे काम सुमारे अठरा वर्षे चालले. ज्या बाईला संस्कृतात भाषण करता येत होते, तिने मुद्दाम संस्कृत शब्द टाळले, खेड्यातल्या बाईला वाचून कळेल अशी भाषा धरली. मला याचे फार अप्रूप वाटते. आम्ही शेतकऱ्यांसाठी घडीपत्रिका काढतो, तेव्हा ‘एकात्मिक अन्नद्रव्य व्यवस्थापन’ असे लिहून मोकळे होतो आणि मग कोणी वाचत नाही म्हणून कुरकुर करतो. इथे देशातली नामांकित पंडिता, पण तिची नजर जात्यावर बसलेल्या बाईकडे. जुळणी, छपाई, बांधणी, सारी कामे केडगावातच, मुक्तीतल्या मुलींच्या हातची.

शेवटची वर्षे कष्टाची गेली. कान जवळजवळ गेलेच होते. १९१९ साली सरकारने कैसर-ई-हिंद पदक दिले. पण १९२१च्या जुलैमध्ये मनोरमा मिरजेला वारली. चाळीस वर्षांची होती. आईच्या हाताखाली वाढलेली, शारदा सदनची शाळा सांभाळणारी, गुलबर्ग्याला १९१२च्या सुमारास मुलींची शाळा काढणारी, आईनंतर मुक्ती चालवणार असे सर्वांनी गृहीत धरलेली. आईवडील, बहीण, भाऊ, नवरा आणि आता मुलगी. रक्ताचे एक माणूस मागे उरले नाही. रमाबाई भाषांतराची मुद्रिते तपासत राहिल्या. ५ एप्रिल १९२२ रोजी, चौसष्टावे वर्ष पुरायला काही दिवस बाकी असताना, त्या केडगावातच गेल्या. भाषांतराचे संपूर्ण पुस्तक छापून बाहेर पडले ते त्यांच्या मागे. १९८९ साली भारत सरकारने त्यांच्या नावाचे टपाल तिकीट काढले. मुक्ती मिशन केडगावात आजही चालू आहे. त्या भागात आता खडकवासल्याच्या कालव्याचे पाणी खेळते, ऊस उभा दिसतो. दुष्काळाची गोष्ट सांगितली तर तिथल्या नव्या पोरांना खरी वाटत नाही.

आता त्या आंदर मावळातल्या बाईकडे वळतो.

रमाबाई हयात असताना एकत्र कुटुंबातल्या विधवेला जमिनीत फार तर पोटगीचा हक्क होता. हिंदू बायकांच्या मालमत्तेच्या हक्काचा कायदा १९३७चा, म्हणजे त्या गेल्यावर पंधरा वर्षांनी. १९५६च्या हिंदू वारसा कायद्याने विधवा पहिल्या वर्गातली वारस झाली. मुलगा बापाआधी वारला असेल, तर त्या मुलाची विधवा आणि तिची मुले-मुलीसुद्धा आजोबाच्या मिळकतीत वारस ठरतात. एकत्र कुटुंबाच्या जमिनीत मुलीला मुलाइतका हक्क महाराष्ट्राने १९९४ साली दिला, देशभर तो २००५ साली झाला. हे सारे कागदावर आहे. पण वारसनोंदीचा अर्ज दिल्याशिवाय सातबारावर नाव आपोआप उमटत नाही. माणूस गेल्यापासून तीन महिन्यांच्या आत तलाठ्याकडे (आता त्यांना ग्राम महसूल अधिकारी म्हणतात) वर्दी द्यायची असते. मुदत टळली तरी हक्क बुडत नाही, अर्ज करता येतो. मृत्यूचा दाखला, वारसांची नावे सांगणारे प्रतिज्ञापत्र, रेशनकार्ड आणि जमिनीचा उतारा घेऊन जावे. अर्ज दिल्याची पोच घ्यायला मात्र विसरू नका.

हे मी त्या बाईला दुसऱ्या भेटीत सांगितले, आणि सांगता सांगता रमाबाईंचीही गोष्ट सांगितली. ती बांधावर बसून ऐकत होती. दोन मुली शेजारी, थोरली अकरावीला. सारे ऐकून तिने विचारले, ‘त्या बाईला कुनी भाऊबंद नव्हतं?’ मी म्हटले, नव्हते. ‘मग बरं,’ ती म्हणाली, ‘भांडायला कुनी नव्हतं.’ मला हसावे की काय करावे कळेना. तिचे खरेच होते. ज्याच्या घरात दीर आहे, जाऊ आहे, रोज एकाच विहिरीवर पाणी भरायचे आहे, त्याला हक्काचा अर्ज लिहिणे म्हणजे घरात ठिणगी टाकणे.

अर्जाला तिने चार महिने लावले. आधी दिराशी बोलली. दीर वाईट माणूस नाही, पण ‘लोक काय म्हणतील’ यावर अडला होता. शेवटी म्हातारी सासू मध्ये पडली. तिचे स्वतःचे नावही सातबारावर नव्हते, हे त्या निमित्ताने घरात प्रथमच निघाले. मग अर्जात सासूचे नाव, या बाईचे, दोन्ही मुलींचे, असे सगळेच आले. गेल्या मार्चमध्ये फेरफार मंजूर झाला. या पावसाळ्यात मी प्रात्यक्षिकाची यादी केली, तेव्हा तिने उतारा घडी घालून पिशवीतून काढला आणि माझ्यापुढे धरला. मी तिचे नाव लिहिले. तिने दोनदा वाचून बघितले.

आता तिला केडगाव बघायचे आहे. लोणावळ्याची लोकल धरून पुण्याला यायचे, पुण्याहून दौंडकडची गाडी, केडगावला उतरले की मिशन जवळच, असे मी तिला सांगून ठेवले आहे. मुलींना नाताळची सुट्टी लागली की निघू म्हणते. पण अजून अर्धी झोडणी खळ्यावर पडून आहे.